पट्टीवर ‘ट्रेस’, कॅनमध्ये पाच ग्रॅम

लघवीत बुडवून रंग पाहायच्या पट्टीच्या रिपोर्टवर प्रथिनांपुढे ‘ट्रेस’, म्हणजे जेमतेम अंश, लिहिलेले असताना त्याच लघवीतून दिवसाला पाच ग्रॅम प्रथिन जाऊ शकते. ते कसे, हे दाखवण्यासाठी खालील प्रकरण मांडले आहे. ते कुणा एका रुग्णाचे नाही, शिकवण्यासाठी जुळवलेले आहे. आकडे मात्र असे ठेवले आहेत की प्रत्येक हिशेब वाचकाला कागद-पेन घेऊन स्वतः पडताळता यावा.

रुग्ण आणि पहिला रिपोर्ट

वय ६२, पुरुष, वजन ५८ किलो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घरचे कुळागर. पोफळी, मिरी, केळी यांची राखण आणि शिंपणे हाच दिवसभराचा उद्योग. चार महिने कंबर दुखत होती. वाकून काम करणाऱ्याची कंबर दुखणारच, असे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून ठरवले होते. गेले दीड महिना डायक्लोफेनाकची ५० मिलिग्रॅमची गोळी जवळजवळ रोज दोनदा चालू होती. सोबत थकवा, भूक मंद, शौचाला कडक, तोंडाला सारखी कोरड आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणे. मधुमेह नाही, रक्तदाब १३०/८०, पायांवर सूज नाही.

तालुक्यातल्या एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट असा: हिमोग्लोबिन ८.९ ग्रॅम, क्रिएटिनीन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, २.६ मिलिग्रॅम (आठ महिन्यांपूर्वी १.०), कॅल्शियम ११.२, एकूण प्रथिन ६.४, अल्ब्युमिन ३.९. लघवी: प्रथिन ट्रेस, साखर निल, लाल पेशी निल, पू-पेशी २ ते ३.

यावरून पहिले निदान निघाले ते वेदनाशामकाने मूत्रपिंडाला झालेल्या इजेचे. ते अर्धे खरेही होते. पण दोन आकडे त्या निदानात बसत नव्हते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की रक्तातले कॅल्शियम सहसा खाली येते. इथे ते चढले होते. शिवाय आठ महिन्यांपूर्वी ज्याचे क्रिएटिनीन १.० होते, त्याचे हिमोग्लोबिन केवळ मूत्रपिंडामुळे इतक्या लवकर ८.९ वर येत नाही. साठी ओलांडलेला माणूस, हाडदुखी, रक्तक्षय, चढते कॅल्शियम आणि चढते क्रिएटिनीन, एवढे एकत्र आले की प्लाझ्मा पेशींचा (मज्जेतल्या, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा) आजार, म्हणजे मुख्यतः मायलोमा हा कर्करोग, यादीत वर यायला हवा.

तो मागे पडला तो दोन ‘चांगल्या’ आकड्यांमुळे. पहिला ग्लोब्युलिनचा, म्हणजे अल्ब्युमिन सोडून रक्तात उरलेल्या प्रथिनांचा; प्रतिपिंडे त्यातच येतात. ६.४ मधून ३.९ वजा केले की २.५ उरतात. मायलोमा म्हणजे ग्लोब्युलिन वाढलेले आणि अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर उलटे, हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेले असते. पण ज्या मायलोमात पेशी पूर्ण प्रतिपिंड न बनवता त्याचा फक्त लाइट चेन हा तुकडा बनवतात, तिथे ग्लोब्युलिन वाढत नाही, उलट घटते. लाइट चेन लहान असल्याने रक्तात साचण्याआधीच लघवीवाटे निघून जाते आणि निरोगी प्रतिपिंडांचे उत्पादनही दबलेले असते. म्हणून हाडे दुखणाऱ्या, रक्त कमी असलेल्या माणसात खालच्या बाजूला झुकलेले ग्लोब्युलिन हा संशय वाढवणारा आकडा समजावा. दुसरा ‘चांगला’ आकडा लघवीतल्या ट्रेसचा.

पट्टीला काय दिसते

पट्टीवरच्या प्रथिनाच्या चौकोनात टेट्राब्रोमोफेनॉल ब्ल्यूसारखा रंगद्रव सुकवलेला असतो. त्याचा रंग आम्लतेनुसार बदलतो, पण चौकोनातल्या बफरमुळे आम्लता एकाच ठिकाणी धरून ठेवलेली असते. तरीही प्रथिन आले की ते रंगकणांना चिकटते आणि रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे सरकतो. हे चिकटणे अल्ब्युमिनला उत्तम जमते, लाइट चेनला फारच कमी. त्यामुळे साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अल्ब्युमिन पट्टी पकडते आणि त्याच्या कितीतरी पट लाइट चेन तिच्यासमोरून निघून जाते. ‘प्रथिन ट्रेस’ याचा अर्थ ‘अल्ब्युमिन ट्रेस’ एवढाच वाचावा. रिपोर्टवर तसे छापले तर निम्मे घोटाळे मिटतील, पण छापत कुणी नाही.

याच लघवीवर सल्फोसॅलिसिलिक आम्लाची चाचणी केली. सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग अडीच मिलि घ्यायचा, त्यात ३ टक्क्यांचे आम्ल तेवढेच घालायचे, नळी उलटसुलट करून दहा मिनिटे ठेवायची आणि मागे छापील कागद धरून पाहायचे. अक्षरे वाचता आली तर एक प्लस. इथे नळीपलीकडचे काहीच दिसत नव्हते, म्हणजे तीन प्लस. हे आम्ल सगळीच प्रथिने खाली बसवते. पट्टी ट्रेस आणि आम्ल तीन प्लस, ही तफावत सापडायला काही रुपये आणि पंधरा मिनिटे लागतात. फसवणाऱ्या गोष्टी दोन-तीनच: नुकतेच सीटी स्कॅनसाठी दिलेले आयोडीनयुक्त औषध, आणि मोठ्या मात्रेतली काही पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन. यांनीही नळी गढूळ होते, म्हणून ते आधी विचारून घ्यावे.

मग एकाच नमुन्यातून तीन आकडे मागवले: एकूण प्रथिन ३१० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, अल्ब्युमिन १९, क्रिएटिनीन ६२. प्रथिन-क्रिएटिनीन गुणोत्तर ३१० भागिले ६२, म्हणजे ५.० ग्रॅम प्रति ग्रॅम. अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर सुमारे ०.३. अल्ब्युमिनचा वाटा जेमतेम ६ टक्के. मधुमेहामुळे मूत्रपिंड-तपासणीत हल्ली फक्त अल्ब्युमिन-क्रिएटिनीन मागवण्याची सवय लागली आहे. इथे तेवढेच मागवले असते तर ‘अल्ब्युमिन वाढलेले’ असा शेरा येऊन विषय संपला असता.

पाच ग्रॅम प्रथिन जात असूनही पायांना सूज नव्हती आणि रक्तातले अल्ब्युमिन ३.९ होते, हेही याच्याशी जुळते. अल्ब्युमिन फारसे गळतच नव्हते. मूत्रपिंडाची गाळणी शाबूत होती. गाळणीतून सहज पार होणारे लहान प्रथिन रक्तातच भरमसाट होते. निरोगी मूत्रपिंडाच्या नलिका गाळून आलेली बहुतेक लाइट चेन परत शोषून घेतात, त्यामुळे दिवसाला काही मिलिग्रॅमच बाहेर पडते. उत्पादन त्या क्षमतेपलीकडे गेले की उरलेली लाइट चेन पुढच्या नलिकांत जाते, तिथल्या युरोमोड्युलिन या प्रथिनाशी चिकटते आणि साचे बनवून नळ्या बुजवते. शरीरात पाणी कमी पडणे, कॅल्शियम चढणे आणि डायक्लोफेनाकसारखी औषधे यांनी हे साचे आणखी लवकर धरतात. या रुग्णात तिन्ही एकत्र होती. वेदनाशामकाने मूत्रपिंड बिघडवले हे पहिले निदान अर्धे खरे म्हटले ते यासाठी.

‘बेन्स जोन्स प्रोटीन’ नावाची जुनी तापवण्याची चाचणी अजून बऱ्याच तपासणी-अर्जांवर छापलेली असते. आम्लता ४.९ वर ठेवून लघवी ५६ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवली की हे प्रथिन गढूळ होते आणि उकळत्या पाण्यात धरल्यावर पुन्हा विरघळते. १८४५ साली लंडनमधल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या लघवीत हा चमत्कार दिसला आणि नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला, त्यावरून हे नाव. चाचणी इतिहासाचा मान राखून बंद करावी. ती बऱ्याच रुग्णांत चुकते, आणि ‘निगेटिव्ह’ हा शब्द कागदावर आला की पुढची तपासणी थांबते.

२४ तासांची लघवी: पहिली खेप वाया

आधी एक क्रम सांगायला हवा. लाइट चेन आहे की नाही, आणि ती एकाच जातीची आहे का, हे ठरवायला २४ तास थांबायची गरज नसते. सकाळच्या लघवीचे ५० मिलि इम्युनोफिक्सेशनला (प्रथिनाची जात ओळखणारी चाचणी) आणि रक्ताचा एक नमुना फ्री, म्हणजे सुट्या, लाइट चेनला, दोन्ही त्याच दिवशी पाठवले. २४ तासांची, कॅनमध्ये गोळा केलेली सगळी लघवी लागते ती मात्रा मोजायला, म्हणजे उपचार सुरू होण्याआधीची पायरी नोंदवायला. क्रिएटिनीन वेगाने चढत असेल तर तिच्यासाठी उपचार अडवून धरू नयेत.

पहिल्या खेपेचा निकाल: एकूण ९०० मिलि, क्रिएटिनीन ५८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, प्रथिन २९६. दिवसाचे प्रथिन २.६६ ग्रॅम. रिपोर्ट स्वच्छ टाइप केलेला, सही-शिक्क्यासह, आणि निरुपयोगी. निरुपयोगी हे कशावरून, तर क्रिएटिनीनवरून. ९ डेसिलिटर गुणिले ५८ म्हणजे ५२२ मिलिग्रॅम, वजनाच्या हिशेबाने किलोमागे ९. पुरुष दिवसाला किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनीन लघवीतून टाकतो, स्त्री १५ ते २०. वय झालेल्या, स्नायू ओसरलेल्या माणसात ते आणखी थोडे कमी धरावे. या रुग्णात १५ च्या खाली जायला कारण नव्हते. म्हणजे निम्म्याच्या आसपास लघवी कॅनमध्ये आलीच नव्हती. हा ताळा रक्तातले क्रिएटिनीन स्थिर असतानाच चालतो. ते रोज चढत असेल तर लघवीतले क्रिएटिनीन आपोआप कमी दिसते. इथे दोन दिवसांत २.६ चे २.७ झाले होते, तेव्हा ताळ्यावर भरवसा ठेवता आला.

विचारल्यावर उलगडा झाला. सकाळी सात ते अकरा कुळागरात. तिथली लघवी तिथेच झाली, कॅन घरी. शौचाच्या वेळची लघवी जमा करायची असते हे कुणी सांगितले नव्हते. आणि कॅन दिवसभर न्हाणीघरात, खोलीच्या तापमानाला. फ्रिजमध्ये ठेवायला सून तयार नव्हती, कारण त्याच फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचे दूध. हा विरोध अडाणीपणा म्हणून झटकू नये. बहुतेक घरांत तो असतो आणि बहुतेक वेळा आपल्यापासून लपवला जातो. गोव्याच्या दमट उकाड्यात उघड्यावर ठेवलेल्या लघवीत जिवाणू वाढतात, युरिया फुटून ती अल्कधर्मी होते आणि प्रथिनांचेही तुकडे पडतात. जास्त अल्कधर्मी लघवीवर पट्टी उगाच हिरवी होते, ते वेगळेच.

दुसऱ्या खेपेला मासळीसाठी वापरतात तसली थर्माकोलची पेटी कामाला आली. तळाशी आणि बाजूंनी बर्फ, मध्ये कॅन उभा, झाकण घट्ट, बर्फ सकाळ-संध्याकाळ बदलायचा. पेटी मागच्या पडवीत. अर्धा लिटरची एक रुंद तोंडाची बाटली सोबत न्यायला दिली. सूचना तोंडी आणि कागदावर, मराठीत:

“काका, उद्या सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, पण वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. कुळागरात जाणार असाल तर बाटली बरोबर, आणि आल्यावर कॅनमध्ये ओतायची. शौचाला बसण्याआधी लघवी बाटलीत करून घ्यायची. परवा सकाळी सहाची लघवी मात्र कॅनमध्ये, ती शेवटची. एखादी चुकून सांडली तर लपवू नका, सांगा. आपण परत सुरू करू.”

शेवटचे वाक्य सगळ्यात उपयोगी. चूक सांगितली तर रागावतील या भीतीने लोक कॅनमध्ये पाणी घालून आणतात.

कॅनच्या बाबतीतही एक फेरा होता होता टळला. काउंटरवरून मिळालेल्या कॅनच्या तळाशी हायड्रोक्लोरिक आम्ल होते. तो लघवीतल्या कॅल्शियमसाठी तयार ठेवलेला. आम्लाने प्रथिने बिघडतात आणि इलेक्ट्रोफोरेसिसचा (विजेच्या प्रवाहाने जेलवर प्रथिने वेगळी करण्याच्या चाचणीचा) पट्टा पुसट किंवा विकृत येतो. प्रथिनांसाठी कॅन कोरडा, काही न घातलेला, आणि थंड. कॅन हातात आला की झाकण उघडून तळ पाहावा. मात्र नाक आत घालू नये.

दुसरी खेप: १८५० मिलि, क्रिएटिनीन ५६, म्हणजे १०३६ मिलिग्रॅम, किलोमागे जवळपास १८. पटण्याजोगे. प्रथिन २८५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, गुणिले १८.५, म्हणजे ५.२७ ग्रॅम. पहिल्या खेपेचा आकडा धरून चाललो असतो तर उपचारानंतरची तुलना कायमची चुकली असती.

नमुना गोव्याबाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार असेल तर संपूर्ण कॅन कुणी पाठवत नाही, ५० मिलि काढून पाठवतात. काढण्यापूर्वी कॅन नीट हलवावा, कारण साका तळाशी बसतो. आणि अर्जावर एकूण मिलि व गोळा केल्याच्या वेळा लिहाव्यात. हा आकडा नसलेल्या नमुन्याचा रिपोर्ट टक्केवारीत येतो आणि ग्रॅम काढता येत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअर करण्यापेक्षा दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी पाठवलेले बरे.

जेलवर काय दिसले

इलेक्ट्रोफोरेसिसपूर्वी लघवी दाट करावी लागते. प्रथिन थोडे असेल तर पन्नास ते शंभर पट, इथे दहा-वीस पट पुरे. उगाच जास्त दाट केली तर पट्टा पसरून डाग होतो. दाट करण्याची गाळणी १० किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचे माप) घ्यावी. लाइट चेनचा सुटा रेणू सुमारे २२ ते २५ किलोडाल्टनचा असतो; ३० ची गाळणी वापरली तर आपण जे शोधतो तेच गाळून टाकतो. असे प्रत्यक्षात होते, आणि रिपोर्ट ‘पट्टा नाही’ असा येतो.

निकाल: अल्ब्युमिन ७ टक्के, आणि एक अरुंद, गडद पट्टा ८४ टक्के. ५.२७ ग्रॅमचे ८४ टक्के म्हणजे ४.४३ ग्रॅम. इथून पुढे ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा हाच. मोजमापासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमचा पट्टा पुरेसा धरतात, तेव्हा शंका नव्हती. एकूण प्रथिन मोजण्याच्या पायरोगॅलॉल रेड या सर्रास वापरातल्या पद्धतीला लाइट चेन अल्ब्युमिनपेक्षा कमी दिसते, त्यामुळे खरी मात्रा याहून जास्तही असू शकते. इलाज एकच: पुढच्या सगळ्या खेपा त्याच प्रयोगशाळेत.

लाइट चेनच्या जाती दोन, कॅपा आणि लॅम्बडा. इम्युनोफिक्सेशनमध्ये लॅम्बडाच्या ओळीत पट्टा, आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांच्या जड साखळ्यांच्या तिन्ही ओळी रिकाम्या. इथे लगेच ‘लाइट चेन मायलोमा’ लिहून मोकळे होऊ नये. लॅम्बडासोबत जड साखळी दिसत नसेल तर रक्तावर आयजीडी आणि आयजीईची प्रतिद्रव्ये लावून घ्यावीत; आयजीडी मायलोमा बहुधा लॅम्बडाचाच असतो आणि नेहमीच्या पाच ओळींत तो लाइट चेनचे सोंग घेऊन बसतो. ती केली, दोन्ही रिकाम्या.

आणखी दोन सापळे या रुग्णात नव्हते, पण एरवी भेटतात. नलिकांना इजा झालेल्या कोणाही रुग्णात कॅपाच्या ओळीत एकसारख्या अंतरावर चार-पाच फिकट रेघा शिडीसारख्या उमटतात. त्या साध्या, अनेक पेशींतून आलेल्या लाइट चेन असतात, कर्करोग नव्हे. आणि लघवीत रक्त असेल तर हिमोग्लोबिन किंवा ट्रान्सफेरिनचा पट्टा मायलोमाच्या प्रथिनाच्या पट्ट्यासारखा (एम-पट्टा) भासतो. दोन्ही ठिकाणी निकाल इम्युनोफिक्सेशन लावूनच ठरवावा.

रक्तातल्या फ्री लाइट चेन: कॅपा ९.८ मिलिग्रॅम प्रति लिटर, लॅम्बडा ५४८०. नेहमीची मर्यादा कॅपा ३.३ ते १९.४, लॅम्बडा ५.७ ते २६.३. वाढलेली भागिले न वाढलेली, ५५९. हे गुणोत्तर १०० किंवा जास्त आणि वाढलेली साखळी किमान १०० मिलिग्रॅम असेल तर २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तेही मायलोमा ठरवणारे लक्षण मानतात. अर्थात मज्जेत किमान दहा टक्के प्लाझ्मा पेशी किंवा बायोप्सीत सिद्ध झालेली प्लाझ्मा पेशींची गाठ हवीच. मज्जेत त्या ४५ टक्के निघाल्या, कमी मात्रेच्या सीटीत हाडांना भोके आणि कमरेचा एक मणका दबलेला.

मूत्रपिंडाची बायोप्सी टाळली. लॅम्बडा १५०० च्या कितीतरी वर आणि लघवीत अल्ब्युमिन दहा टक्क्यांहून कमी, असे असताना नलिकांतले साचे हेच कारण जवळजवळ नक्की असते. चित्र उलटे असते, म्हणजे पाच ग्रॅममध्ये अल्ब्युमिनच मुख्य असते, तर अमायलॉइड (अवयवांत साचणारे विकृत प्रथिन) किंवा लाइट चेन साचून बिघडलेली गाळणी यांचा विचार करून पोटाच्या चरबीचा तुकडा, हृदयाच्या तपासण्या आणि बहुधा बायोप्सी लागली असती. अल्ब्युमिनचा वाटा काढायचा तो एवढ्यासाठी.

उपचार आणि तीन महिन्यांनंतर

डायक्लोफेनाक त्याच दिवशी बंद. शिरेतून आणि तोंडाने मिळून दिवसाला सुमारे तीन लिटर द्रव, लघवी आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवून. मायलोमावर बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड आणि डेक्सामेथासोन ही औषधे. बोर्टेझोमिबची मात्रा मूत्रपिंडासाठी कमी करावी लागत नाही, ही या परिस्थितीत मोठी सोय. मूत्रपिंड सुधारेल का, याचा अंदाज लघवीपेक्षा रक्तातल्या लाइट चेनवरून लवकर येतो. तीन आठवड्यांत ती ६० टक्के उतरली तर आशा बळावते. या रुग्णात एकविसाव्या दिवशी लॅम्बडा १३१० होती, म्हणजे ७६ टक्के घट. तिसऱ्या महिन्याअखेर क्रिएटिनीन १.६.

तेव्हाची २४ तासांची लघवी: १९०० मिलि, क्रिएटिनीन १०१० मिलिग्रॅम (किलोमागे १७, खेप ग्राह्य), प्रथिन ५२० मिलिग्रॅम, पट्टा ३१ टक्के म्हणजे १६१ मिलिग्रॅम, अल्ब्युमिन ३८ टक्के. ४४३० वरून १६१ ही ९६ टक्के घट. लघवीपुरता आंशिक प्रतिसादाचा निकष आहे ९० टक्के घट किंवा २०० मिलिग्रॅमच्या खाली. तो पार झाला. ‘अतिशय चांगल्या आंशिक प्रतिसादा’साठी १०० च्या खाली यावे लागते, ते अजून नाही.

लघवीतले अल्ब्युमिन आधी दिवसाला ३६९ मिलिग्रॅम होते, आता १९८. पट्टीवर आधी ट्रेस, आता निल. चार ग्रॅमहून अधिक लाइट चेन नाहीशी झाली आणि पट्टीवर एका पायरीचा फरक पडला.

घरच्यांचा प्रश्न होता की रक्ताची तपासणी दर महिन्याला होतेच, तर हा कॅन परत कशाला. प्रश्न रास्त आहे. फक्त लाइट चेन बनवणाऱ्या रुग्णांत रक्तातला आकडा लघवीपेक्षा संवेदनशील ठरतो असे मत वाढते आहे. पण प्रतिसादाचे निकष अजून लघवीच्या मिलिग्रॅमवर बेतलेले आहेत, आणि संपूर्ण प्रतिसाद म्हणायला रक्त व लघवी दोन्हींचे इम्युनोफिक्सेशन रिकामे लागते. सकाळच्या एका नमुन्याचे गुणोत्तर त्या मिलिग्रॅमची जागा घेऊ शकत नाही. म्हणून ठरले ते असे: रक्तातली लाइट चेन उपचाराच्या प्रत्येक चक्राला, कॅन तीन महिन्यांनी, आणि पट्टा दिसेनासा झाला की लघवीचे इम्युनोफिक्सेशन. पुढचा कॅन नेमका चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात येत होता. घर पाहुण्यांनी भरलेले असताना चोवीस तासांची खेप धड होत नाही, म्हणून तो एक आठवडा अलीकडे घेतला.